अस्सलपणाचा दाखला मागणारे

मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांच्यावरचा सगळ्यात कडवा हल्ला गोऱ्या अमेरिकेने केला नाही, तो घरातूनच झाला. ‘द वुमन वॉरियर’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९७६ साली आले. त्याला नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा ललितेतर गद्याचा पुरस्कार मिळाला आणि लगोलग चिनी-अमेरिकन लेखकांच्या एका गटाने ते बनावट ठरवले. या गटाचे म्होरके फ्रँक चिन. किंग्स्टन आणि चिन दोघेही १९४० सालचे, दोघेही कॅलिफोर्नियात जन्मलेले. चिन यांचे ‘द चिकनकूप चायनामॅन’ हे नाटक १९७२ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. दोन वर्षांनी तीन सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘आयीईईई!’ हे संकलन काढले आणि आशियाई-अमेरिकन साहित्य म्हणून काही वेगळे आहे हे अमेरिकेला ठणकावून सांगितले. तेव्हा आरोप करणारा माणूस सोम्यागोम्या नाही आणि आरोपही फुटकळ नाही. १९९१ साली ‘द बिग आयीईईई!’ या दुसऱ्या संकलनात चिन यांनी खरे लेखक आणि बनावट लेखक यांची वाटणी करणारा प्रदीर्घ निबंध लिहिला. बनावटांच्या रांगेत त्यांनी किंग्स्टन, एमी टॅन आणि डेव्हिड हेन्री ह्वांग यांना उभे केले. किंग्स्टन यांच्याबद्दल बोलायचे म्हटले की आजही हे आरोपपत्र पुढे केले जाते, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

आरोपाची कलमे चार आहेत. पहिले: किंग्स्टन यांनी मुलानच्या प्राचीन कथेची मोडतोड केली, युए फेई या सेनापतीच्या पाठीवरची अक्षरे उचलून मुलानच्या पाठीवर कोरली. दुसरे: आत्मचरित्र हा प्रकारच चिनी नव्हे, तो ख्रिस्ती पापनिवेदनातून आलेला आहे, आणि जो चिनी माणूस तो हाती घेतो तो स्वतःच्या संस्कृतीबद्दल गोऱ्यांपुढे माफी मागत असतो. तिसरे: चिनी समाज बायकांचा छळ करणारा आहे, हे गोऱ्या वाचकाला हवेहवेसे वाटणारे चित्र त्यांनी रंगवले आणि आधीच पायदळी तुडवलेल्या चिनी पुरुषाला आणखी खाली ढकलले. चौथे: हे सगळे घडलेली हकिकत म्हणून विकले. यातल्या पहिल्या कलमातला तपशील बरोबर आहे, तिसऱ्या आणि चौथ्यातही तथ्याचा अंश आहे. तरीही निकाल साफ चुकला आहे, कारण निकषच चुकीचा आहे. चिन ज्या मोजपट्टीने किंग्स्टन यांना मोजतात ती चिनी परंपरेतून आलेली नाही. ती अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची आहे.

आधी मुलानचे पाहू. मूळ गीतातली मुलगी मागावर बसलेली आहे. सैन्यभरतीच्या यादीत म्हाताऱ्या बापाचे नाव लागले आहे आणि घरात मोठा मुलगा नाही. ती बाजारातून घोडा आणि खोगीर घेते, बापाच्या जागी लढायला जाते, वर्षानुवर्षे लढते, राजा देऊ करतो ते पद नाकारून घरी परतते आणि बाईचे कपडे घालून सोबत्यांसमोर येते तेव्हा ते थक्क होतात. तिच्या पाठीवर काही कोरलेले नाही. ती सम्राटाचे डोके उडवत नाही, मोहिमेवर असताना बाळंत होत नाही. किंग्स्टन यांच्या ‘व्हाइट टायगर्स’ या प्रकरणात हे सगळे घडते. चिन यांनी मूळ गीतच निबंधात छापले आणि चोरी पकडल्याच्या थाटात फरक दाखवला.

पण ‘मूळ’ म्हणजे कोणते? हे गीत उत्तर चीनमधल्या चौथ्या ते सहाव्या शतकांच्या काळातले मानले जाते. त्यातल्या राजाला खान म्हटले आहे, म्हणजे गवताळ प्रदेशातल्या टोळ्यांची पदवी त्याला आहे. त्या काळी उत्तरेत राज्य करणारे वेई घराणे हान चिनी नव्हते, श्येनपेई होते. म्हणजे ज्या नायिकेच्या अस्सल चिनीपणासाठी चिन तलवार उपसतात, तिच्या मुळाशीच परक्या राज्यकर्त्यांची दुनिया आहे. गीत आपल्यापर्यंत आले ते कितीतरी शतकांनंतर सोंग काळात ग्वो माओच्येन यांनी केलेल्या संग्रहामुळे. पुढे सोळाव्या शतकात शू वेई या नाटककाराने मुलानचे पाय बांधलेले दाखवले आणि शेवटी तिचे लग्न लावून दिले. मूळ गीतात यातले काहीच नाही. सतराव्या शतकात छू रेनहुओ यांच्या कादंबरीत ती वेगळ्याच राजवटीच्या काळात जाऊन पडते, खान तिला जनानखान्यात बोलावतो आणि ती जीव देते. या दोघांना कोणी बनावट चिनी म्हटल्याचे ऐकिवात नाही. युए फेईचीही तीच गत. त्याच्या पाठीवर चार अक्षरे गोंदलेली होती असे इतिहास सांगतो. ती त्याच्या आईने कोरली हे मागाहून कथाकारांनी जोडले, आणि लोकांनी आनंदाने स्वीकारले. चिनी परंपरा अशीच चालत आली आहे. शतकाशतकाला बदललेली कथा कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये आईबापांच्या लाँड्रीत बसलेल्या मुलीने एकदा बदलली तर तेवढ्याने परंपरा कशी मोडते?

त्याहून महत्त्वाची गोष्ट चिन वाचतच नाहीत. ‘व्हाइट टायगर्स’ हे मुलानच्या कथेचे निवेदन नाही. आई रात्री गोष्टी सांगते, ऐकता ऐकता मुलीला झोप लागते आणि गोष्ट कुठे संपली, स्वप्न कुठे सुरू झाले हे तिला कळत नाही, असे किंग्स्टन तिथेच स्वच्छ लिहितात. म्हणजे पुढची सगळी लढाई एका अमेरिकन मुलीच्या डोक्यातली आहे. ती संपते आणि पुढच्याच पानांवर तिचे खरे आयुष्य येते: शाळेत उत्तम गुण मिळाले तरी घरी त्याचे कौतुक नाही, शहर सुधारणेच्या नावाखाली आईबापांची लाँड्री पाडली जाते, वर्णद्वेषी मालकाला विरोध केला की नोकरी जाते. स्वप्नातल्या तलवारीला या जगात काही धार नाही, हे दाखवण्यासाठीच ते स्वप्न रचले आहे. ते जितके अचाट असेल तितका पुढचा पाडाव जास्त बोचतो. स्वप्नाला प्राचीन गीताची प्रत जोडून त्यातली चूक दाखवणे ही टीका नव्हे, टीकेचा आव आहे.

दुसरे कलम तर इतिहासाच्या पहिल्याच धक्क्याला कोसळते. चिन यांची वंशावळ अशी: १९०९ सालचे युंग विंग यांचे आत्मचरित्र, १९५० सालचे जेड स्नो वाँग यांचे ‘फिफ्थ चायनीज डॉटर’ आणि मग किंग्स्टन. सगळे मिशनऱ्यांच्या वळणाचे, असा त्यांचा दावा. मग इसवी सनापूर्वीच्या सिमा छियेन यांचे काय करायचे? त्यांनी आपल्या महान इतिहासग्रंथाचे शेवटचे प्रकरण स्वतःच्या घराण्यावर, स्वतःच्या कामावर आणि स्वतःवर कोसळलेल्या आपत्तीवर लिहिले. राजाची मर्जी गेल्याने त्यांना खच्ची केले गेले होते. बाराव्या शतकातल्या ली छिंगचाओ यांचे काय? नवऱ्यासोबत जमवलेली पुस्तके आणि जुन्या वस्तू युद्धाच्या पळापळीत कशा गेल्या हे त्यांनी विलक्षण तपशिलाने लिहून ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेन फू यांनी बायकोबरोबरच्या संसाराच्या आठवणी लिहिल्या, त्या कोणत्या पाद्र्यापुढे गुडघे टेकून?

आणि ‘द वुमन वॉरियर’ संपते कुणाच्या कथेने? छाई यानच्या. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली ही कवयित्री. उत्तरेच्या टोळ्यांनी तिला पळवून नेले, बारा वर्षांनी ती परतली, पोटची मुले तिथेच सोडून. तो सगळा अनुभव ‘मी’ म्हणून सांगणाऱ्या कविता तिच्या नावावर चालत आल्या आहेत. ख्रिस्ती आत्मकथनाचा आद्यग्रंथ मानले जाणारे संत ऑगस्टीन यांचे पुस्तक चौथ्या शतकाच्या अखेरचे, छाई यानच्या नंतरचे. म्हणजे किंग्स्टन यांनी आपल्या पुस्तकाचा धागा कुठे बांधला हे त्यांनीच शेवटच्या पानांवर सांगून ठेवले आहे. चिन यांना तो दिसला नाही, कारण त्यांच्या परंपरेच्या यादीत तलवार घेतलेले पुरुष आधी येतात आणि परक्या मुलखात गाणारी बाई येतच नाही.

तिसऱ्या कलमात दुखरी नस आहे, म्हणून तिथे सबुरीने बोलले पाहिजे. अमेरिकन सिनेमाने आणि कादंबऱ्यांनी चिनी पुरुषाची जी विटंबना केली ती खरीच आहे. एकीकडे क्रूर फू मांचू, दुसरीकडे लवून बोलणारा चार्ली चॅन. यांच्यामध्ये हाडामांसाचा माणूस नाही. चिन यांचा संताप इथून उगवतो आणि तो रास्त आहे. ‘द वुमन वॉरियर’च्या अनेक गोऱ्या परीक्षकांनी पौर्वात्य गूढ वगैरे घिसेपिटे शब्द वापरून जी स्तुती केली ती वाचून कोणाचेही डोके तापेल. किंग्स्टन यांचेही तापले. अमेरिकन परीक्षकांनी आपल्या पुस्तकाचा कसा विपर्यास केला यावर त्यांनी १९८२ साली स्वतंत्र निबंध लिहिला. मग परीक्षकाच्या अज्ञानाची शिक्षा लेखिकेला का?

राहिला बायकांच्या छळाचा प्रश्न. पुस्तकाचे पहिले प्रकरण लेखिकेच्या आत्याचे आहे. नवरा अमेरिकेत, आणि ती गरोदर राहते. बाळंतपणाच्या रात्री गावकरी घरावर चालून येतात, नासधूस करतात. ती डुकरांच्या गोठ्यात बाळंत होते आणि तान्ह्या मुलासकट घरच्या विहिरीत उडी घेते. घरच्यांनी तिचे नावच पुसून टाकले. हे गोऱ्यांना खूश करायला लिहिले म्हणायचे, तर लू शून यांनी सासरच्यांनी विकलेल्या आणि गावाने अपशकुनी ठरवलेल्या विधवेची कथा १९२४ साली कोणाला खूश करायला लिहिली? आधुनिक चिनी साहित्याचा पायाच या कठोर आत्मपरीक्षणावर उभा आहे. त्याच्याही जवळपास शंभर वर्षे आधी ली रूचेन यांनी आपल्या कादंबरीत बायकांचे राज्य कल्पून तिथे एका पुरुषाचे पाय बांधून घेतले, म्हणजे बांधलेल्या पायांची वेदना पुरुष वाचकाला कळावी. आपल्या समाजाचे वाईट चव्हाट्यावर मांडायचे नाही, हा नियम चिनी साहित्याचा नाही.

आत्याच्या कथेतले साल पाहा: तेही १९२४. गावात घाईघाईने लग्ने लावली जातात आणि पुरुष जहाजावर चढतात, कारण गेलेला माणूस परत यावा म्हणून त्याला बायकोने बांधून ठेवायचे. त्याच साली अमेरिकेने जो कायदा केला त्याने चिनी बायकांची वाट जवळजवळ बंद केली. अमेरिकेचे नागरिक असलेल्या चिनी पुरुषांनाही चीनमधून बायको आणता येईना. आत्याला विहिरीत ढकलणारे हात गावाचे होते. नवरा-बायकोत महासागर घालणारा हात वॉशिंग्टनचा होता. किंग्स्टन यांनी दोन्ही हात दाखवले. ज्याला पहिलाच दिसतो त्याने पुस्तक अर्धेच वाचले आहे, मग तो वाचक गोरा असो की चिनी.

दुसरा हात ज्यांना अजून दिसत नाही त्यांच्यासाठी १९८० सालचे ‘चायना मेन’ आहे. किंग्स्टन यांच्या मनात ही दोन्ही पुस्तके जोडीनेच वाढली. ‘चायना मेन’ पुरुषांचे पुस्तक आहे: हवाईच्या उसाच्या मळ्यात राबलेले पणजोबा, सिएरा नेवाडाच्या कड्यांवर सुरुंग लावणारे आजोबा, न्यूयॉर्कच्या लाँड्रीत भागीदारांकडून फसवले गेलेले वडील. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ली रूचेन यांची ती पाय बांधण्याची गोष्ट आहे. तिथेही किंग्स्टन यांनी पात्र बदलले आणि रोख अमेरिकेकडे वळवला. अमेरिकेने चिनी पुरुषाचे पौरुष कसे हिरावले, हा चिन यांचा आयुष्यभराचा मुद्दा किंग्स्टन यांनी अवघ्या काही परिच्छेदांत उभा केला. शत्रूच्या पुस्तकात स्वतःचाच सिद्धान्त सापडला तर प्रामाणिक माणूस टोपी काढतो. चिन यांनी काढली नाही.

आता चौथे कलम, सगळ्यात कळीचे. ‘ललितेतर’ हा शिक्का प्रकाशकाने मारला आणि किंग्स्टन यांनी तो चालवून घेतला, यात शंका नाही. पण वाचकाची फसवणूक झाली का? लॉस एंजेलिसला जाऊन नवऱ्याला जाब विचारणाऱ्या आणि त्या धक्क्याने वेड लागलेल्या मावशीचे प्रकरण संपते, आणि पुढच्या प्रकरणाच्या आरंभीच निवेदिका कबूल करते की हे मी पाहिलेले नाही. भावाने बहिणीला सांगितले, बहिणीने मला, आणि भावाची हकिकत माझ्या हकिकतीपेक्षा बरीच साधी होती. फसवणारा लेखक असा पुरावा स्वतःच्या हाताने वाचकाला देतो का?

एकच पक्की हकिकत का नाही, याचे उत्तर ‘चायना मेन’मधल्या वडिलांच्या आगमनात आहे. एका कथनात वडील क्यूबाहून लाकडी खोक्यात लपून न्यूयॉर्कला येतात. दुसऱ्यात ते रीतसर एंजल बेटावरच्या इमिग्रेशन तपासणीतून जातात. तिसऱ्यात ते १९०३ साली सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मतात, कारण आजी पुरुषाच्या वेषात तिथे पोहोचलेली असते. चोखंदळ वाचक विचारतो, खरे कोणते? हा प्रश्न कोणी कोणाला विचारला होता ते आठवावे लागेल.

१८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंदींची दप्तरे जळाली आणि कित्येक चिनी पुरुषांनी आपण इथेच जन्मलो असे सांगितले. मग चीनमध्ये आपल्याला इतके मुलगे आहेत असे नोंदवून ती जागा दुसऱ्याच्या मुलाला दिली जाई. हे कागदावरचे मुलगे. १९१० ते १९४० या काळात एंजल बेटावर अधिकारी त्यांची उलटतपासणी घेत: घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, शेजाऱ्याला मुले किती. नातेवाइकाचे उत्तर जुळले नाही की परत पाठवणी. म्हणून पोरे जहाजावर खोट्या घराण्याचा इतिहास पाठ करत आणि किनारा जवळ आला की वह्या समुद्रात टाकत. बंदीचा कायदा १९४३ साली उठला, तोही वर्षाला १०५ माणसांच्या मर्यादेसह. १९५० च्या दशकात सरकारने खोटी कागदपत्रे कबूल करण्याची योजना आणली तेव्हा घराघरांत पुन्हा भीती शिरली. अशा घरातली मुले आईबापांना भूतकाळ विचारत आणि आईबाप गप्प बसत किंवा दर वेळी वेगळे सांगत. त्यांना घरातली एकच पक्की हकिकत वारशाने मिळालीच नाही. मिळाल्या त्या अनेक आवृत्त्या, आणि प्रत्येक आवृत्तीला जिवंत राहण्याचे कारण होते.

अशा समाजाच्या लेखिकेने तीन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या तर ती इतिहासाशी इमान राखते. तिच्याकडे एकच प्रमाणित आवृत्ती मागणारा माणूस नकळत एंजल बेटावरच्या टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसतो. घराला पायऱ्या किती, मुलानच्या पाठीवर काय होते, उत्तर जुळत नाही, परत पाठवा. चिन यांच्यासारख्या अभिमानी माणसाने ही खुर्ची पत्करावी, हे या वादातले सगळ्यात मोठे दुर्दैव.

कोणी म्हणेल, चिन यांना एवढेच हवे आहे की कादंबरीला कादंबरी म्हणा. मग त्यांची १९९१ सालचीच ‘डोनाल्ड डक’ पाहू. तिच्यात चिनी रेल्वेमजुरांच्या इतिहासात जुन्या महाकथांतले एकशे आठ वीर सर्रास वावरतात. उत्तम! पुराण आणि रेल्वे एकत्र आणायचा हक्क चिन यांना आहे. पण या एकशे आठ वीरांच्या, त्यांच्या लाडक्या कथेच्याही निरनिराळ्या लांबीच्या आवृत्त्या आहेत आणि सतराव्या शतकात जिन शंगथान यांनी ती चक्क कापून सत्तर प्रकरणांवर आणली, हे ते जाणतात. म्हणजे प्रश्न मोडतोडीचा नाही, ती कोण करतो याचा आहे.

या आरोपांना किंग्स्टन यांनी पत्रकबाजीने उत्तर दिले नाही. १९८९ च्या ‘ट्रिपमास्टर मंकी’ या कादंबरीत त्यांनी विटमन आ सिंग नावाचा तोंडाळ, बुद्धिमान, संतापी चिनी-अमेरिकन नाटककार नायक केला. अनेकांना त्याच्यात चिन दिसले. लेखिका या पात्राला चिमटे काढते, पण त्याला जीवही लावते. चिन म्हणतात, आयुष्य म्हणजे युद्ध आणि लेखन म्हणजे लढाई. किंग्स्टन यांनी १९९३ पासून युद्धावरून परतलेल्या सैनिकांना लिहायला बसवले आणि त्यांच्या लेखनाचे संकलन २००६ साली प्रसिद्ध केले. १९९१ च्या ओकलंडच्या वणव्यात त्यांचे घर आणि शांततेवरच्या कादंबरीचे हस्तलिखित जळाले होते. ते पुस्तक त्यांनी नव्याने लिहून २००३ साली प्रसिद्ध केले.

ज्यांच्या नावे हे सगळे ‘खोटे’ लिहिले गेले त्या वडिलांची प्रतिक्रियाही नोंदवायला हवी. मुलीच्या पुस्तकाचा चिनी अनुवाद हाती आला तेव्हा या जुन्या शिक्षकाने पानांच्या समासात स्वतःच्या हाताने चिनीत भाष्य लिहिले. जुन्या चिनी विद्वानांची रीत अशीच असे. बदनामी झाली असे त्या माणसाला वाटले असते तर त्याने पुस्तक मिटले असते.

चिन यांचे लेखन जरूर वाचावे. त्यांच्या रागाशिवाय या साहित्याचा इतिहास अपुरा राहील. पण त्यांचे आरोपपत्र हातात घेऊन किंग्स्टन यांच्याकडे जाऊ नये. ‘द वुमन वॉरियर’ वाचून थांबूही नये. ‘चायना मेन’च्या ऐन मध्यावर ‘द लॉज’ नावाचे काही पानांचे प्रकरण आहे. त्यात पात्र नाही, दंतकथा नाही, स्वप्न नाही. १८६८ पासून चिनी माणसांविरुद्ध अमेरिकेने काय काय ठरवले याची सालवार, कोरडी जंत्री आहे. ती वाचून मगच ठरवावे की या कुटुंबांकडून खोटे कोणी वदवून घेतले. ते किंग्स्टन यांनी रचलेले नाही, त्यांनी फक्त त्याची नोंद केली.